इटलीला जोडीने जाताय? आधी ऑपेराची रात्र ठरवा, मग विमान बघा

बहुतेक लोक उलटं करतात, म्हणजे विमान बुक, हॉटेल बुक, नऊ दिवसांत सात शहरं कोंबायची आणि तिथे पोचल्यावर कळतं की कालच इथे ऑपेरा होता, आज काही नाही. म्हणून माझं ऐका, आधी गाण्याची एक रात्र पक्की करा आणि बाकीची ट्रिप तिच्या आजूबाजूला बसवा.

पहिल्यांदाच जात असाल तर डोळे झाकून वेरोना. तिथे अरेना नावाचं रोमन काळातलं, जवळजवळ दोन हजार वर्षांचं उघडं दगडी रिंगण आहे आणि उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यात ऑपेरा चालतो. 1913 मध्ये संगीतकार वेर्दीच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून त्याचा 'आइडा' हा ऑपेरा केला, तिथून हे सगळं सुरू झालं आणि आजही 'आइडा' तिथला हुकमी एक्का आहे. पहिल्यांदा तोच बघा, भाषा कळली नाही तरी मिरवणूक, कर्णे, भव्य सेट यातच माणूस गुंग होतो. गोष्ट मात्र आधी वाचून जा आणि दोनचार तुकडे ऐकून ठेवा, नाहीतर शेवटी दोघं प्रेमी थडग्यात बंद होतात तेव्हा तुम्ही शेजारच्याला विचारत बसाल काय झालं म्हणून.

तिकिटाचं सांगतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे वरच्या दगडी पायऱ्या, तिकिटावर नंबर नसेल तर आधी येईल त्याची जागा, मग लवकर जाऊन रांग लावायची. दिवसभर तापलेला दगड रात्रीसुद्धा गरम असतो आणि टणक तर असतोच, उशी भाड्याने मिळते ती घ्याच, इथे पैसे वाचवू नका. शो अंधार पडताना सुरू होतो आणि मोठा ऑपेरा मध्यंतरं धरून मध्यरात्र ओलांडतो, त्यामुळे हॉटेल चालत जाता येईल एवढ्यावर बघा. जवळच्या लेक गार्डा तळ्यावर राहून येऊजाऊ करू म्हणणाऱ्यांनी परतीच्या ट्रेनची वेळ एकदा बघावी म्हणजे झालं.

पावसाचं तर नीटच समजून घ्या. शो सुरू व्हायच्या आधीच रद्द झाला तर पैसे परत मिळतात, पण एकदा सुरू झाला आणि अर्ध्यात पाऊस आला तर गेले. चार थेंब पडले की वादक व्हायोलिन उचलून पळतात, लाकडाची वाद्यं ती, त्यांची चूक नाही. आपण पायरीवर बसून आभाळाकडे बघायचं. म्हणून वेरोनात दोन रात्री तरी ठेवा आणि तिकीट पहिल्या रात्रीचं काढा, म्हणजे बिनसलं तर दुसरी रात्र हातात असते, त्या दिवशी शो आहे का ते तेवढं आधी बघून ठेवायचं.

दिवसा काय करायचं? ज्युलिएटच्या घराची बाल्कनी बघायला सगळे धावतात, पण ती बाल्कनी विसाव्या शतकात लावलेली आहे आणि गर्दी एवढी की रोमान्सचा पार चोथा होतो. त्यापेक्षा संध्याकाळी पिएत्रा पुलावरून पलीकडे जा, टेकडी चढून सान पिएत्रोच्या किल्ल्यापाशी बसा, खाली आदिजे नदीचं वळण आणि सगळ्या गावाची कौलं दिसतात. तो पूल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला होता, लोकांनी नदीतले दगड काढून पुन्हा उभा केला. मला तर बाल्कनीपेक्षा हीच प्रेमकथा जास्त पटते.

वेरोना आधी झालंय त्यांच्यासाठी, टस्कनीत तोर्रे देल लागोला जुलै-ऑगस्टमध्ये पुच्चिनी फेस्टिव्हल असतो, ऑपेराकार पुच्चिनी जिथे राहायचा त्याच तळ्याकाठी (डासांची क्रीम न्या). दक्षिणेत समुद्रकाठच्या अमाल्फीच्या वर राव्हेल्लो गाव, 1880 मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर तिथल्या व्हिला रुफोलोची बाग बघून वेडा झाला होता, आता तिथेच समुद्राकडे तोंड करून मैफली होतात आणि ऑगस्टमध्ये एक मैफल चक्क पहाटे, सूर्य उगवताना. जोडीने जाणाऱ्यांनी ती गाठता आली तर सोडू नये, फक्त राव्हेल्लोतच मुक्काम करा, खालून त्या वेळी वर येणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. जॅझवाल्यांनी जुलैत पेरूजा शहरातला जॅझ फेस्टिव्हल गाठावा.

किरकोळ दोन गोष्टी. 15 ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, खोल्या महाग आणि छोटी दुकानं बंद, शक्यतो टाळा. हॉटेलात जेवलात की बिलावर माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा वेगळा आकार लागतो, ती फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे, वाद घालू नका.

आणि दाद द्यायची तर गायकाला 'ब्राव्हो', गायिकेला 'ब्राव्हा', सगळ्यांना मिळून 'ब्राव्ही'. गायिकेला ब्राव्हो ओरडलात तर पुढच्या रांगेतली आजी मागे वळून बघतेच, अनुभव आहे.