नायिकेच्या तीन लग्नांवर निबंध कसा लिहावा

'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड'वरचे निबंध माझ्याकडे दरवर्षी तपासायला येतात आणि बहुतेकांचा निकाल ठरलेला: पहिला नवरा रुक्ष, दुसरा हुकूमशहा, तिसरा प्रेमळ. झोरा नील हर्स्टन यांनी १९३७ साली एवढ्यासाठी कादंबरी लिहिली नव्हती. नवऱ्यांना मार्क देणं आधी थांबवा. प्रत्येक लग्नात नायिका जेनीच्या हातात काय आहे आणि ते कुणी दिलं, कुणी काढून घेतलं, एवढंच शोधत पुस्तक पुन्हा वाचा.

सुरुवात आजीपासून करा. आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिच्या लेखी काळी बाई म्हणजे जगाचं ओझं वाहणारं खेचर. नातीच्या नशिबी ते येऊ नये म्हणून ती लोगन किलिक्सची ६० एकर जमीन बघून लग्न लावून देते. तिला खलनायिका करू नका. जमिनीपलीकडचा आधार तिने पाहिलेलाच नाही. आणि लोगन काय करतो? दुसरं खेचर आणायला निघतो, बाईलाही नांगराला धरता येईल असं गरीब. इथे पेन्सिलीने खूण करा. आजी ज्याला घाबरत होती तेच नवरा अगदी सहज, शेतीच्या कामाचं म्हणून बोलून जातो.

खरा मुक्काम दुसऱ्या लग्नात, ईटनव्हिलमध्ये. ईटनव्हिल हे फ्लोरिडातलं खरंखुरं गाव, १८८७ साली कृष्णवर्णीयांनी वसवलेलं. हर्स्टन तिथेच वाढल्या. गोरा मालक नाही, मेयर काळा, दुकान काळ्याचं. त्यामुळे फक्त वंशभेदाचा मुद्दा घेऊन आलेल्यांची इथे पंचाईत होते. लोक मेयरच्या बायकोला दोन शब्द बोलायला सांगतात, तर मेयर, म्हणजे तिचा दुसरा नवरा जो स्टार्क्स, परस्परच नकार देतो, म्हणे तिला भाषणातलं काही कळत नाही. तिला बोलायचं होतं की नाही, हे कुणी विचारत नाही.

मग तो डोक्याचा रुमाल. दुकानात एक माणूस मागे उभा राहून जेनीच्या वेणीच्या टोकावरून हळूच हात फिरवताना जोला दिसतो आणि त्याच रात्री हुकूम सुटतो: दुकानात केस बांधून ठेवायचे. आपल्याला जळफळाट झाला हे तो तिला कधीच सांगत नाही. जो स्टार्क्स मेल्यावर जेनी आरशासमोर रुमाल सोडते, केस डोळे भरून बघते, पुन्हा नीट बांधते आणि मगच गावाला बातमी देते. दफन उरकल्यावर सगळे रुमाल जाळते. निबंधात 'जेनी मुक्त झाली' एवढं लिहिणाऱ्यांना मी विचारतो, मग मध्ये तिने रुमाल परत का बांधला? या प्रश्नावर एक अख्खा परिच्छेद खर्च करा.

तिसरा नवरा टी केक सगळ्यांचा लाडका. तो तिला चेकर्सच्या पटावर बरोबरीने बसवतो, नेम धरायला शिकवतो, हे लिहाच. पण तिने लपवून ठेवलेले २०० डॉलर तो न विचारता उचलतो आणि त्यावर मेजवानी झोडतो, तीही तिला न बोलावता, हेही लिहा. पुढे तो तिला मारतो, तेही तिची काही चूक नसताना, मालक कोण हे दुसऱ्यांना दाखवायला. निबंधांतून हा प्रसंग हमखास गायब असतो. तो उघडून ओळी मोजा: पुरुष काय म्हणाले ते सविस्तर येतं, जेनीला काय वाटलं ते जवळजवळ नाहीच. निवेदन तिच्याबद्दल कुठे गप्प होतं, तिथे थांबायचं. शेवटी टी केकला मारल्याच्या खटल्यात, कोर्टातही तेच. गोऱ्या ज्युरीसमोर ती बोलते, पण तिची साक्ष आपल्याला तिच्या शब्दांत ऐकू येत नाही. हर्स्टन यांचा तो डाव की कमतरता, यावर समीक्षकांत वाद आहे. बाजू कुठलीही घ्या, कादंबरी जेनीनेच मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट आहे हे मात्र हिशेबात धरा.

टी केकला पिसाळलेला कुत्रा चावतो, त्या आजारात भान सुटून तो तिच्यावर पिस्तूल रोखतो आणि जेनी त्याच्यावर गोळी झाडते, तीही त्यानेच शिकवलेल्या नेमाने. हा धागा प्रस्तावनेत सांगून टाकू नका, शेवटच्या पानासाठी राखा. शब्दमर्यादा आड आली तर लोगनला चार ओळींत उरका. रुमालाला कात्री लावू नका.