पॉवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे: लेसरने फिल्मचा फेज बदलताना या चुका टाळा

टायटॅनियम डायऑक्साइडची फिल्म सिलिकॉन वेफरवर घेतली, रामन सूक्ष्मदर्शकाखाली (विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राखाली) ठेवली, हिरवा लेसर सोडला आणि ५२० वेव्हनंबरजवळ (वेव्हनंबर हे त्या वर्णपटाच्या आडव्या अक्षाचं एकक) एक टोकदार शिखर दिसलं. ॲनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिकी फेज; तापवल्यावर त्याचा रूटाइल हा दुसरा फेज होतो) तयार झाला, असं आम्ही वहीत लिहून टाकलं. ॲनाटेजचं एक शिखर ५१९ ला येतंच. पण खालच्या सिलिकॉनचं स्वतःचं शिखर ५२०.५ ला असतं, आणि पातळ फिल्ममधून ते सहज वर दिसतं. आमच्या यंत्रातला फिल्टर २०० च्या खालचं सगळं कापत होता, त्यामुळे ॲनाटेजची खरी ओळख असलेलं १४४ चं शिखर आम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. कित्येक आठवड्यांची मोजमापं पुन्हा घ्यावी लागली. म्हणून नवीन सॅम्पल लावण्याआधी कोऱ्या वेफरचा वर्णपट त्याच सेटिंगवर घ्या, आणि फिल्टर कुठपर्यंत खाली बघू देतो ते तपासा.

या कामातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. भट्टीवर तापमान लिहिलेलं असतं, लेसरवर नसतं. तिथे फक्त मिलिवॉट दिसतात आणि आपण त्यांनाच अंश समजून बसतो.

प्रकाश नेमकं कोण शोषतंय?

ॲनाटेजचा बँडगॅप (प्रकाश शोषला जायला फोटॉनकडे लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनची ऊर्जा २.३३. म्हणजे शुद्ध, ऑक्सिजन पुरेसा असलेल्या फिल्ममधून हिरवा प्रकाश जवळपास तसाच आरपार जातो. फिल्म तापते ती खालच्या सिलिकॉनमुळे. तीच फिल्म क्वार्ट्झवर घेतली तर शोषणारं कुणीच उरत नाही आणि काहीही घडत नाही. मग विद्यार्थी पॉवर वाढवत नेतात. कधीतरी धुळीचा एखादा कण किंवा जळालेल्या सेंद्रिय पदार्थाचा डाग प्रकाश पकडतो आणि तिथे थेट खड्डा पडतो. पारदर्शक सब्सट्रेटवर (फिल्मखालच्या आधारावर) काम करायचं असेल तर फिल्मच शोषेल असा लेसर घ्या, उदाहरणार्थ ३५५ नॅनोमीटरचा.

याच्या उलटही होतं. निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये तापवलेल्या फिल्ममधून ऑक्सिजन निघून जातो आणि ती निळसर काळी पडते. काळी पडली की जास्त शोषते, जास्त शोषलं की जास्त तापते, आणि बघता बघता गाडी हाताबाहेर जाते. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा ॲनाटेजचं रूटाइल होणं सोपं करतात, म्हणून हा परिणाम उपयोगाचाही आहे. पण हवेत ठरवलेली पॉवर आर्गॉनमध्ये जशीच्या तशी वापरू नका.

उष्णता जाते कुठे?

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. जाड सब्सट्रेटवर स्थिर लेसरचा ठिपका पडला की मधली तापमानवाढ साधारण अशी निघते: शोषलेली पॉवर भागिले (३.५ गुणिले उष्णतावाहकता गुणिले ठिपक्याची त्रिज्या). त्रिज्या म्हणजे मधल्या तीव्रतेच्या ३७ टक्के तीव्रता उरते तिथपर्यंतचं अंतर. आता आकडे घालू. शोषलेली पॉवर १० मिलिवॉट, त्रिज्या १ मायक्रॉन. सिलिकॉनची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला सुमारे १५० वॉट प्रति मीटर प्रति केल्विन, तर क्वार्ट्झ काचेची सुमारे १.४. पृष्ठभागावर तेवढीच पॉवर शोषली गेली तर क्वार्ट्झ काचेवर उत्तर २००० अंशांच्या घरात जातं, सिलिकॉनवर जेमतेम १९ अंश येतं. हिरवा प्रकाश सिलिकॉनमध्ये मायक्रॉनभर आत शिरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

कुणाच्या तरी पेपरमध्ये '१० मिलिवॉटला रूटाइल मिळाला' असं वाचून वेफरवर तेच करायला गेलात तर दिवस वाया जाईल. वेफरवर काम करायचंच असेल तर तो आधी हीटर स्टेजवर काही शे अंशांपर्यंत तापवा आणि वर जास्त पॉवरचा लेसर द्या. मात्र सिलिकॉन गरम होत जातं तशी त्याची वाहकता घटते, १००० केल्विनला ती ३० च्या आसपास येते. त्यामुळे पॉवर दुप्पट केली की तापमानवाढ दुपटीहून जास्त होते. शेवटचे टप्पे लहान ठेवा.

सूत्रात त्रिज्या आहे, त्रिज्येचा वर्ग नाही, हेही नीट बघा. ठिपका निम्मा केला की तीव्रता चौपट होते, पण तापमानवाढ दुप्पटच होते. 'वॉट प्रति चौरस सेंटीमीटर' एवढंच लिहून दोन प्रयोगांची तुलना करणं म्हणूनच फसवं ठरतं.

फिल्मची जाडीही यात खेळते. उघडं सिलिकॉन ५३२ नॅनोमीटरचा सुमारे ३७ टक्के प्रकाश परत फेकतं. त्यावर २.५ अपवर्तनांकाची ५३ नॅनोमीटर फिल्म बसली तर परावर्तन ४ टक्क्यांवर येतं, म्हणजे आत जाणारा प्रकाश दीडपट होतो. स्पिन कोटिंगमध्ये (वेफर गरगर फिरवून फिल्म पसरवण्यात) कडेला जाडी बदलतेच. फिल्मचा रंग मधून कडेकडे बदलत असेल, तर त्याच पॉवरला तापमानही बदलतंय.

हळू फिरवलं म्हणजे जास्त तापत नाही

सलग चालणाऱ्या लेसरचा मायक्रॉनभर ठिपका काचेवर साधारण मायक्रोसेकंदात स्थिर तापमानाला पोचतो, सिलिकॉनवर त्याहून शंभरपट लवकर. सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने स्कॅन केलं तर प्रत्येक जागी तो सुमारे मिलिसेकंद थांबतो. म्हणजे वेग आणखी कमी करून तापमान वाढत नाही, रूटाइलचे अंकुर फुटायला आणि वाढायला फक्त जास्त वेळ मिळतो. फेज बदलतच नसेल तर पॉवर वाढवायची. बदल अर्धवट राहत असेल तर वेग कमी करायचा. दोन्ही एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही.

तापवणारा आणि बघणारा लेसर एकच असेल तर

पहिलं मोजमाप सगळ्यात कमी पॉवरला घ्या, त्याच जागी दोनदा. दोन्ही वर्णपट जुळले तरच पुढे जा. पॉवर लेसरच्या तोंडाशी नव्हे, ऑब्जेक्टिव्हच्या (सॅम्पलजवळच्या भिंगाच्या) खाली मोजा.

ॲनाटेजचं १४४ चं शिखर इतकं जोरदार असतं की थोडासा ॲनाटेज उरला तरी तेच उठून दिसतं. त्याच्या उंचीवरून टक्केवारी काढू नका. रूटाइलसाठी ४४७ आणि ६१२ बघा, ॲनाटेजसाठी ३९९ आणि ६३९. हे १४४ चं शिखर वरच्या बाजूला सरकून रुंद झालं तर लगेच 'तापमान वाढलं' म्हणू नका. स्फटिककण फार लहान असले किंवा ऑक्सिजन कमी पडला तरी तसंच होतं. लेसर मंद करून, थंड झालेल्या त्याच जागेचं मोजमाप घ्या. सरकलेलं शिखर तिथेच राहिलं तर कारण तापमान नाही.

एक्सआरडीचा (एक्स-रे विवर्तनाने फेज ओळखण्याचा) आग्रह धरणारे मार्गदर्शक असतात. पण एक्स-रे काही मिलिमीटरची जागा बघतो, तुमचा ठिपका मायक्रॉनचा. ॲनाटेजची २५.३ आणि रूटाइलची २७.४ अंशांवरची शिखरं हवी असतील तर तेवढं क्षेत्र स्कॅन करून भरावं लागेल, आणि दोन ओळींतलं अंतर ठिपक्यापेक्षा कमी ठेवावं लागेल.

सोल-जेलची, म्हणजे सेंद्रिय घटक असलेल्या द्रावणापासून बनवलेली, ओली फिल्म थेट लेसरखाली ठेवू नका. १३५० आणि १५८० ला रुंद उंचवटे दिसले तर तो कार्बन आहे, आणि आता तोच प्रकाश शोषतोय. अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनवाल्यांची अशीच अडचण हायड्रोजनची असते. प्लाझ्माने बसवलेल्या फिल्ममध्ये तो भरपूर असतो आणि एक्सायमर (अतिनील प्रकाशाचे स्पंद देणाऱ्या) लेसरच्या झटक्यात एकदम बाहेर पडून फिल्म फोडतो; म्हणून ती आधी ४५० अंशांच्या आसपास तापवून घेतात. फोनच्या पडद्यांसाठी ३०८ नॅनोमीटरच्या लेसरने अमॉर्फस सिलिकॉनचे स्फटिक करण्याचं हेच काम चालतं. तिथे ऊर्जा वाढवत नेली की कण मोठे होत जातात, फिल्म जवळजवळ पूर्ण वितळते तेव्हा सर्वांत मोठे होतात, आणि त्याहून थोडी जास्त दिली की पुन्हा बारीक पडतात.

आता तापमान प्रत्यक्ष मोजायचं कसं? ज्या ५२०.५ च्या शिखराने आम्हाला चकवलं, त्याचाच इथे उपयोग होतो. सिलिकॉन तापलं की ते खाली सरकतं, दर १०० अंशांना साधारण २ वेव्हनंबर. ताणानेही ते सरकतं, म्हणून अँटी-स्टोक्स बाजूचं (लेसरपेक्षा जास्त ऊर्जेच्या बाजूचं) शिखरही घ्या. दोन्हींच्या तीव्रतेचं गुणोत्तर खोलीच्या तापमानाला सुमारे एक-दशांश असतं, १००० केल्विनला निम्म्याच्या आसपास जातं. आधी हीटर स्टेजवर, लेसर अगदी मंद ठेवून, दर ५० अंशांना हे गुणोत्तर नोंदवून आपल्या यंत्राचा तक्ता बनवा. आम्हाला त्याला दीड दिवस लागला.