अमेरिकी मंत्र्याच्या नेमणुकीमागचे पक्षीय डावपेच कसे वाचावेत

भारतात पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात आणि त्या नेमणुकीवर संसदेने मत देण्याचा प्रसंग येत नाही. अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्री सहा महिन्यांच्या आत कोणत्या तरी एका सभागृहाचा सदस्य झाला की पुरे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केवळ नाव सुचवतात. संमती देण्याचा अधिकार घटनेने सिनेटकडे ठेवला आहे, आणि या संमतीभोवती दोन्ही पक्षांची जी ओढाताण चालते तिच्या बातम्या आपल्याकडे बहुधा आरोप-प्रत्यारोपांपुरत्याच पोहोचतात. पुढच्या वेळी अशी नेमणूक वादात सापडली, तर नेमके काय चालले आहे हे स्वतः समजून घेण्याचा एक क्रम येथे दिला आहे.

पहिली पायरी : संख्याबळ मांडा

सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. मते समसमान पडली तर उपराष्ट्राध्यक्षांचे निर्णायक मत मोजले जाते. २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत विरोधकांनी अडवून धरलेली नेमणूक मतदानापर्यंत नेण्यासाठी ६० मते लागत. त्या दिवशी बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बळावर हा पायंडा मोडला आणि तेव्हापासून मंत्र्यांसाठी साधे बहुमत पुरते. त्यामुळे सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे बहुमत असेल, तर आज विरोधी पक्षाने कितीही गदारोळ केला तरी त्याच्या एकट्याच्या मतांनी नेमणूक पडत नाही. आपल्याला शोधायचा असतो तो सत्ताधारी पक्षातला असंतोष.

येथे भारतीय वाचकाने एक सवय बाजूला ठेवली पाहिजे. आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्या आमदार-खासदाराला पक्षांतरबंदी कायद्याची धास्ती असते. अमेरिकेत असा कायदा नाही, म्हणून विरोधात मत देणाऱ्या सिनेटरचे सदस्यत्व जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे ५३ जागा होत्या. संरक्षणमंत्रिपदासाठी सुचवलेल्या पीट हेगसेथ यांच्या विरोधात मिच मॅकॉनेल, सुझन कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की या तिघांनी मत दिले, मते ५०-५० अशी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने नेमणूक तरली. चौथा सिनेटर फुटला असता तर ती पडली असती. २०१७ मध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांच्या वेळी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनाही असेच मत द्यावे लागले होते आणि मंत्र्याच्या नेमणुकीसाठी असे घडण्याची ती पहिली वेळ होती. म्हणून सत्ताधारी पक्ष किती जणांची नाराजी सोसू शकतो हा आकडा आधी काढावा आणि काठावरच्या चार-पाच सिनेटरांची नावे लिहून ठेवावीत. पुढच्या सगळ्या बातम्या या नावांच्या संदर्भात वाचाव्यात.

दुसरी पायरी : समितीत काय होते ते पाहा

प्रत्येक नाव आधी संबंधित समितीकडे जाते. सुनावणीचे थेट प्रक्षेपण होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे सदस्य आपापल्या मतदारांना उद्देशूनही बोलत असतात. तेथील खडाजंगीपेक्षा उमेदवाराची आर्थिक विवरणे, पार्श्वभूमी तपासणीचा अहवाल आणि सुनावणीनंतरच्या लेखी प्रश्नांची उत्तरे यांवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगी आहे. कागदपत्रे अपुरी असताना मतदानाची घाई होत असेल, तर ती घाई हाच एक डाव असतो.

विरोधकांचा समितीतला नेहमीचा उपाय म्हणजे बहिष्कार. २०१७ च्या सुरुवातीला वित्त समितीतील डेमोक्रॅटिक सदस्य अर्थमंत्रिपदासाठी सुचवलेले स्टीव्हन मनुचिन आणि आरोग्यमंत्रिपदासाठी सुचवलेले टॉम प्राइस यांच्यावरील मतदानाला आलेच नाहीत, कारण विरोधी पक्षाचा किमान एक सदस्य हजर असल्याशिवाय मतदान घेता येऊ नये असा समितीचा नियम होता. अध्यक्ष ऑरिन हॅच यांनी तो नियमच स्थगित केला आणि दोन्ही नावे १४-० मतांनी पुढे पाठवली. बहिष्काराने एखादा दिवस मिळाला, पण अल्पमताला संरक्षण देणारा एक नियम बाजूला सारण्याचा दाखला मात्र कायमचा तयार झाला. मला हा प्रकार दोन्ही बाजूंसाठी तोट्याचा वाटतो.

समितीत बरोबरी झाली किंवा हार झाली म्हणून प्रकरण संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे. २०२१ मध्ये आरोग्यमंत्रिपदासाठी झेव्हियर बेसेरा यांच्या नावावर वित्त समितीत १४-१४ अशी कोंडी झाली, तेव्हा बहुमताच्या नेत्यांनी सभागृहात वेगळे मतदान घेऊन नाव समितीकडून काढून घेतले आणि अखेरीस ५०-४९ मतांनी नेमणूक मंजूर झाली.

तिसरी पायरी : वेळेचा हिशेब ठेवा

अल्पमतातील पक्षाच्या हातात आता उरले आहे ते वेळ खाण्याचे साधन, आणि तेही कमी परिणामकारक नाही. सिनेटचे बरेचसे कामकाज सर्वांच्या संमतीने चालते. एका सिनेटरने हरकत घेतली की चर्चा संपवण्याचा ठराव मांडावा लागतो, त्यावर मतदान घ्यावे लागते आणि त्यानंतरही मंत्रिपदाच्या नेमणुकीवर ३० तासांपर्यंत चर्चा चालू शकते. कनिष्ठ पदांसाठी ही मुदत २०१९ मध्ये दोन तासांवर आणली गेली, परंतु मंत्र्यांसाठी ती कायम आहे. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या काही आठवड्यांत एकापाठोपाठ एक नावे येतात, तेव्हा हे तास फार महाग पडतात.

बहुमताचा पक्षही वेळेचा वापर करतो. लोरेटा लिंच यांचे नाव बराक ओबामा यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲटर्नी जनरलपदासाठी (अमेरिकेत हे न्याय खात्याचे मंत्रिपद) सुचवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये समितीने ते मंजूर केले, तरी मानवी तस्करीविषयीच्या एका विधेयकावरील वाद मिटेपर्यंत सिनेटमधील रिपब्लिकन नेतृत्वाने मतदान घेतले नाही. २३ एप्रिल २०१५ रोजी ५६-४३ मतांनी संमती मिळाली. त्या विधेयकाचा लिंच यांच्या पात्रतेशी काडीचाही संबंध नव्हता. नाव आले कधी, समितीतून सुटले कधी आणि मतदान झाले कधी या तीन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या, तर अडवणूक कोणत्या टप्प्यावर आणि कोणी केली हे आपोआप दिसते.

चौथी पायरी : माघारीला पराभव समजा

पूर्ण सभागृहाने मंत्र्याचे नाव फेटाळल्याचे शेवटचे उदाहरण १९८९ चे आहे. याचा अर्थ त्यानंतर सगळी नावे पार पडली असा नाही. मते जमत नाहीत हे कळताच नाव मागे घेतले जाते आणि सिनेटरांना जाहीर मतदानाच्या अडचणीतून सोडवले जाते. मॅट गेट्झ यांनी २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे कोणतीही सुनावणी होण्यापूर्वीच, ॲटर्नी जनरलपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी सुचवलेल्या नीरा टंडन यांनी २ मार्च २०२१ रोजी माघार घेतली. सिनेट ५०-५० अशी विभागलेली असताना डेमोक्रॅटिक पक्षाच्याच जो मॅन्चिन यांनी विरोध जाहीर केला होता. अशा वेळी माघारीच्या पत्रातील सौजन्याच्या ओळींपेक्षा, आदल्या आठवड्यात काठावरच्या कोणत्या सिनेटरने काय म्हटले हे तपासावे.

पाचवी पायरी : आडवाट वापरली जाते का ते पाहा

संमती मिळणार नसेल तर हंगामी मंत्र्याकडून कारभार चालवता येतो. १९९८ च्या कायद्याने अशा कारभाराला साधारणपणे २१० दिवसांची मर्यादा घातली, पण पळवाटा राहिल्या. ज्युली सू यांच्या नावाला सिनेटची संमती कधीच मिळाली नाही, तरी कामगार विभागाच्या स्वतःच्या कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन त्या मार्च २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत हंगामी मंत्री राहिल्या. माझ्या मते उघड मतदानात हरण्यापेक्षा ही पद्धत अधिक घातक आहे, कारण तिच्यात संमतीचा अधिकार कागदावर शाबूत राहतो आणि व्यवहारात निकामी होतो.

सहावी पायरी : छाननी आणि अडवणूक वेगळी करा

हे काम सर्वांत अवघड आहे. आक्षेप उमेदवाराच्या वर्तनावर आणि पात्रतेवर आहे की दुसऱ्याच मागणीवर, हे प्रथम विचारावे. २०१३ मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी सुचवलेल्या चक हेगल यांचे नाव रिपब्लिकन सिनेटरांनी अडवले तेव्हा काहींची मागणी लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकी दूतावासाच्या कार्यालयावर झालेल्या हल्ल्याविषयीच्या माहितीची होती. बारा दिवसांनी त्याच सिनेटने ७१-२७ मतांनी चर्चा संपवली आणि ५८-४१ मतांनी त्यांना संमती दिली. दुसरा प्रश्न असा की, त्याच पदासाठी पुढे आलेल्या दुसऱ्या नावाला विरोधकांनी कसे वागवले? १९८९ मध्ये जॉर्ज बुश यांनी संरक्षणमंत्रिपदासाठी जॉन टॉवर यांचे नाव दिले. मद्यपान, खासगी वर्तन आणि संरक्षण कंत्राटदारांशी असलेले संबंध यांवरून वादंग झाले, डेमोक्रॅटिक बहुमताच्या समितीने ११-९ असा प्रतिकूल कौल दिला आणि ९ मार्च रोजी सिनेटने ५३-४७ मतांनी नाव फेटाळले. मतदान जवळजवळ पक्षरेषेवरच झाले होते, त्यामुळे हा निव्वळ सूड आहे असे रिपब्लिकन म्हणत होते. त्यानंतर बुश यांनी डिक चेनी यांचे नाव पाठवले. तेही रिपब्लिकन आणि टॉवर यांच्याइतकेच पुराणमतवादी होते, तरी त्याच सिनेटने महिना उलटण्यापूर्वी ९२-० मतांनी त्यांना मान्यता दिली.