घरच्या खोलीत गाणं स्वच्छ रेकॉर्ड करायचं असेल तर

कोणाचंही गाणं रेकॉर्ड करण्याआधी मी पहिला टेक शांततेचा घेतो. माइक जागेवर, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) गाण्यासाठी जेवढा लागणार तेवढाच, आणि अर्धा मिनिट कोणी बोलायचं नाही. मग ते रेकॉर्डिंग हेडफोनवर आवाज वाढवून ऐकायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माइकची तुलना करण्यात आठवडे घालवण्यापेक्षा ही एक सवय आधी लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या खोलीत नेमकं काय काय वाजतंय, हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं.

पंखा तर असतोच. त्याशिवाय फ्रिजची घरघर, लॅपटॉपचा पंखा, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, खिडकीच्या फटीतून येणारा रस्ता. एकेक गोष्ट बंद करून पुन्हा ऐका. बारीक, एकसुरी गुणगुण उरली असेल तर ती बहुतेक विजेची असते. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५०, १००, १५० अशा पटींत ती बसते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. माइकची केबल अडॅप्टरच्या आणि वायरींच्या गुंत्यातून बाहेर काढा. तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं.

लॅपटॉप खोलीबाहेर नेता येत नसेल तर माइकच्या बहिऱ्या बाजूला ठेवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्याहून अरुंद पट्ट्यात ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडचं तसं नाही. त्याच्या बहिऱ्या जागा दोन्ही बाजूंना मागे, साधारण १२५ अंशांवर असतात आणि थेट पाठीमागचं त्याला थोडं ऐकू येतं. माइकसोबत आलेल्या कागदावर ही आकृती छापलेली असते. लोक ती बघतच नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण पुढे मिक्सिंगमध्ये आवाजावर कंप्रेसर, म्हणजे मोठ्या आणि हळू सुरांतला फरक कमी करणारं साधन, लागणार. त्याने मोठे सूर ८ डेसिबल दाबले आणि तुम्ही एकूण पातळी तेवढीच वर आणली, की दोन ओळींमधली शांतताही ८ डेसिबलने वर येते. कच्च्या टेकमध्ये जी घरघर जाणवतही नव्हती, ती तयार गाण्यात प्रत्येक श्वासाच्या मागे उभी राहते.

आता खोली. एक टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' अशी थरथर आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. इथे लोक पातळ फोमचे चौकोन आणून माइकच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात. पातळ फोम फक्त वरचा, चमकदार भाग शोषतो. खालचा आणि मधला भाग तसाच राहतो, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. ३४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे एक मीटर. तिला खरा आवर घालायचा तर शोषक थर भिंतीपासून तिच्या चौथ्या हिश्श्याच्या, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास पोचायला हवा. म्हणून जाड रजया आणि गाद्या, त्याही भिंतीला न चिकटवता थोडं अंतर सोडून टांगलेल्या, जास्त उपयोगी पडतात. आणि त्या सर्वप्रथम गायकाच्या पाठीमागे हव्यात. माइकचं तोंड गायकाकडे असतं, म्हणजे तो गायकाच्या मागची भिंतही ऐकत असतो.

रजईने बाहेरचा आवाज थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा. ती खोलीतलं घुमणं कमी करते, बस. कोपऱ्यात किंवा खोलीच्या बरोबर मध्यावर माइक उभा करू नका. त्या जागी खालचे सूर एकतर फुगतात किंवा गायब होतात.

एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार कोणी पाहत नाही: शब्द वाचायचा स्टँड. त्याची कडक पाटी माइकच्या खालीच असते. समजा, तिच्यावरून उसळलेला आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त प्रवास करून माइकपर्यंत पोचला. म्हणजे तो एक मिलिसेकंद उशिरा आला, आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजात खड्डे पडले. ऐकताना गाणं पोकळ वाटतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. स्टँडवर जाड टॉवेल टाका आणि त्याला तिरका करा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो अंतराने. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर ठेवा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचं घुमणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे जवळ जाणं हाच खोली कमी ऐकू येण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. पण फार जवळ गेलात तर अशा एका दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो. मी जमिनीवर टेप लावून पावलांची जागा ठरवून देतो.

मग हवेचा धक्का. तोंडासमोर तळहात धरा आणि 'फुलांचा भार' म्हणा. 'फ' आणि 'भ' ला हातावर हवा आदळते तशी ती माइकच्या पडद्यावर आदळते आणि 'धप्प' असा आवाज येतो. पॉप फिल्टर (हवेचा धक्का अडवणारी जाळी) माइकपासून चार बोटं दूर ठेवा, अगदी चिकटवू नका. शिवाय माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला घेऊन गायकाकडे वळवा, म्हणजे हवा शेजारून निघून जाते. 'स' आणि 'श' टोचत असतील तरी हाच उपाय आधी करून बघा, डी-एसर (टोचणारे 'स' दाबणारं साधन) नंतर.

गेनचं थोडक्यात. गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गाऊन घ्या आणि मीटरवरची शिखरं -१२ ते -१० डेसिबलच्या आसपास ठेवा. रेकॉर्डिंग सुरू झालं की गायक तालमीपेक्षा मोठ्याने गातोच. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये जागा भरपूर आहे. पातळी लाल रेषेला भिडवायची काहीच गरज नाही. फाटलेला सूर पुन्हा शिवता येत नाही.

'डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. माझं मत वेगळं आहे. तो माइक सहसा तोंडाला चिकटून वापरला जातो, म्हणून तसं वाटतं. कंडेन्सर हा जास्त संवेदनशील माइकही तितक्याच जवळून घेतलात तर फरक पुष्कळ कमी होतो. उलट शुअर एसएम७बी सारख्या क्षीण सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माइकला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो, आणि साध्या इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणारी पेटी) तो ओढताना सूंऽऽ असा आवाज मागे येऊ शकतो. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागतो, तो इंटरफेसवर आहे ना, एवढं बघून घ्या.

हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर क्लिक (हेडफोनमधली तालाची टिकटिक) माइकमध्ये झिरपते आणि शांत आलापाच्या मागे टकटक राहते. बरेच गायक एक कान उघडा ठेवतात. मग त्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा, कारण तोच कप गळतो. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतोय अशी तक्रार आली तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न फिरता आवाज थेट हेडफोनमध्ये) वापरा. अलीकडेच एक गायिका तार सप्तकातल्या पंचमावर सारखी किंचित उतरत होती. माइकला किंवा तिच्या तयारीला दोष नव्हता. हेडफोनमध्ये संगीत इतकं मोठं होतं की तिला स्वतःचा सूर सापडत नव्हता. संगीत खाली घेतलं, तिच्या कानात थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) दिला, रेकॉर्डिंग मात्र कोरडंच ठेवलं. पुढच्या टेकमध्ये तोच पंचम नेमका बसला. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये हेही येतं, कारण घाबरून, ओढून गायलेला सूर कोणताही प्लगइन मोकळा करत नाही.

नंतरची साफसफाई हलक्या हाताने करा. ८० हर्ट्झखालचं कापता येतं, पण पुरुष गायक खर्जात उतरत असेल तर आधी ऐकून घ्या. नॉइज रिडक्शन जास्त लावलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. श्वास सगळे काढू नका, फक्त जास्त उठून दिसणारे थोडे खाली घ्या. गाणं संपल्यावर माइक हलवण्याआधी त्याचा, टेपच्या खुणांचा आणि गेनच्या बटणाचा फोटो काढून त्या गाण्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. अंतऱ्यातली एकच ओळ पुन्हा घ्यायची वेळ हटकून येते, आणि ती जुन्या टेकला जुळायची असेल तर सगळं जिथल्या तिथे लागतं.