बायबलला कौल लावू नका: शास्त्र वाचताना होणाऱ्या चुका

अडल्यानडल्या वेळी देवाला कौल लावण्याची कोकणातली रीत जुनी आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतही बायबल कधीकधी याच रीतीने उघडले जाते: डोळे मिटून पान काढायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठीच आले असे मानायचे. यिर्मया 29:11 मधील, देवाने आपल्या हिताच्या योजना आखल्या आहेत हे आश्वासन मुलाखतीच्या आदल्या रात्री धीर देते खरे. पण ते इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बंदी करून बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. म्हणून वचन हाती लागले की निदान तो अध्याय पूर्ण वाचावा, आणि कोण कोणाशी बोलत आहे हे आधी पाहावे.

दुसरी चूक अधिक अवघड आहे, कारण ती भक्तीच्या वेषात येते. ‘मला देवाने हा अर्थ दाखवला’ असे कोणी म्हटले की प्रश्न विचारणेच उद्धटपणाचे वाटते. मात्र प्रकटीकरण म्हणजे एखाद्याच्या कानात सांगितलेले गुपित नव्हे. देवाने इतिहासात, आणि पूर्णत्वाने ख्रिस्तामध्ये, स्वतःची करून दिलेली ती ओळख आहे, आणि प्रेषितांनी तिची साक्ष दिली. प्रेषित पौलाला दमास्कसच्या वाटेवर ख्रिस्ताचे स्वतंत्र दर्शन झाले होते, तरी 1 करिंथ 15 मध्ये तो आपल्याला मिळालेलेच पुढे सोपवल्याचे सांगतो आणि उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्या पेत्र, बारा शिष्य व पाचशेंहून अधिक बंधू यांच्यानंतर शेवटी स्वतःला उभे करतो. नव्या अर्थाची पारख याच साक्षीवर करावी.

येशूच्या रिकाम्या कबरेपाशी एक तरुण दिसल्याचे मार्कचे शुभवर्तमान सांगते, तर लूकचे दोन पुरुष. एवढ्यावरून गोंधळू नये. एकाच वादळातून परतलेले दोन नाखवेही तपशील वेगळे सांगतात, पण वादळ झाले यावर त्यांचे दुमत नसते.

जुना करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्तापूर्वीचा भाग, वगळून वाचण्याची खोड तो नाकारणाऱ्या दुसऱ्या शतकातील मार्सियन या शिक्षकाइतकी जुनी आहे. गोव्यातील रायतूर येथे 1616 मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओव्यांमध्ये पहिले पुराण जुन्या कराराचे रचले आणि ख्रिस्तचरित्र त्यानंतरच घेतले. शुभवर्तमान वाचताना तळटीपेत जुन्या करारातील यशया किंवा स्तोत्रसंहितेचा संदर्भ दिसला, तर ते पान त्याच वेळी उघडून पाहावे.