तारे जन्मताना बघायचेत? मग मृगात बघा

जानेवारीत अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, शहराच्या लाईटपासून लांब जा (मुंबईकरांना वांगणी-नेरळ बरं पडतं) आणि नऊ-दहाला दक्षिणेकडे तोंड करून वर बघा. मृग नक्षत्र लगेच ओळखू येतं, हरणाचे चार पाय आणि मधे एका रेषेत तीन तारे, तो व्याधाने मारलेला बाण. मोबाईल खिशातच ठेवा प्लीज, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून.

बाणाच्या खाली तीन बारीक तारे आहेत, त्यातला मधला धुरकट दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे तारे जन्मतात तो वायू-धुळीचा उजळलेला ढग, साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब. १० बाय ५० चा बायनॉक्युलर लावा आणि नजर किंचित बाजूला ठेवा, पसारा जास्त दिसतो. रंग राखाडीच दिसणार, फोटोतला गुलाबी शोधू नका. छोटी दुर्बीण असेल तर आत चार तारे एकमेकांना खेटून दिसतील, वय जेमतेम दहा लाख वर्षं, आपला सूर्य ४६० कोटींचा, त्यापुढे ही कालची पोरं! अख्खा मेघ उजळलाय तो मुख्यतः त्यातल्या एकट्या सगळ्यात तेजस्वी पोरामुळे.

आता तारा होतो कसा, तर मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की त्याला आधी कडाक्याची थंडी लागते. वायूचा ढग उणे २६० अंशांच्या आसपास असतो, इतक्या गारठ्यात वायूला बाहेर ढकलायचा जोरच राहत नाही, मग गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि ढगातला दाट भाग स्वतःच्याच वजनाने आत कोसळायला लागतो. सायकलचा पंप मारताना तो कसा तापतो, तसा दाबला गेलेला वायू तापत जातो, आणि गाभा एक कोटी अंशांच्या घरात गेला की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. त्या ऊर्जेने आतला दाब टिकून राहतो, कोसळणं थांबतं. तारा टिकतो तो आतला दाब आणि गुरुत्वाकर्षण या दोघांच्या रेटारेटीवरच.

तेजोमेघ बघून झाला की लगेच घरी पळू नका. बाणाची रेष उजवीकडे वर न्या, तांबूस रोहिणी लागेल, तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका, हे तारे दहाएक कोटी वर्षांचे. आणि बाणाच्या डावीकडे वर लालसर काक्षी, वय फार तर एक कोटी पण म्हातारा झालाय, कारण वजनदार तारे इंधन भराभर संपवतात. एप्रिलअखेर मृग संध्याकाळीच पश्चिमेला कललेला असतो, त्यामुळे काय ते फेब्रुवारीपर्यंत उरकून घ्या.