पावसाळ्यातली गाडी: काचेवरची वाफ, साचलेले पाणी आणि घाटाचा उतार

जुलैमध्ये ताम्हिणी घाटातून जाताना एक दृश्य हमखास दिसते. गाडीत पाच माणसे दाटीने बसलेली असतात, मागच्या पायदाणावर निथळणाऱ्या छत्र्या आणि चिखलाचे बूट असतात, समोरची काच दुधासारखी पांढरी झालेली असते आणि चालक एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने कापड फिरवत असतो. काच पुसली की चार क्षण रस्ता दिसतो आणि पुन्हा वाफ धरते. खरे तर ती काच मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ करणारे बटण त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर असते. वळणावळणाच्या रस्त्यावर काही दिसत नसताना गाडी हाकणे जिवावर बेतू शकते, म्हणून पावसाळ्यातल्या गाडीविषयी लिहिताना सुरुवात काचेपासून करणे मला आवश्यक वाटते.

काचेवर वाफ का धरते, हे एकदा समजले की बटणे पाठ करावी लागत नाहीत. माणसांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून गाडीतल्या हवेत बाष्प मिसळत राहते. बाहेरच्या पावसाने काच थंड पडलेली असते. दमट हवा त्या थंड काचेला टेकली की बाष्पाचे बारीक थेंब होतात. याचाच अर्थ असा की, गाडीतली हवा कोरडी केली की प्रश्न सुटतो आणि हवा कोरडी करणारे यंत्र म्हणजे एसी. एसीच्या थंडगार कॉइलवरून हवा जाते, तेव्हा तिच्यातले बाष्प कॉइलवर पाणी होऊन बसते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. त्यामुळे बाहेर गारठा असला तरी पावसाळ्यात एसी सुरूच ठेवावा. थंडी वाजत असेल तर एसी बंद न करता तापमानाची कळ गरमकडे फिरवावी, म्हणजे हवा आधी कोरडी होते, मग इंजिनाच्या उष्णतेने तापते आणि काचेवर पोचते. काचेसाठी याहून चांगली हवा नाही.

दुसरी गोष्ट आत-बाहेरच्या हवेच्या बटणाची. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले बटण दाबले की गाडीतलीच हवा पुन्हापुन्हा फिरते. उन्हाळ्यात गारवा लवकर व्हावा म्हणून आपण ते दाबतो आणि पुढे कायम तसेच ठेवतो. पावसात काच पांढरी होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते, कारण पाच जणांचा श्वास आतच कोंडलेला असतो. ते बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. पंख्याच्या आकाराच्या काचेवर वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेघा असलेले बटण समोरच्या काचेसाठी आहे आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ते दाबताच एसी सुरू होतो, हवा बाहेरून घेतली जाते आणि सगळा झोत काचेकडे वळतो. चौकोनी काचेचे तसेच चित्र असलेले बटण मागच्या काचेचे असते. त्या काचेतल्या आडव्या बारीक रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा आहेत, त्यामुळे ती काच आतून पुसताना कापड तारांच्या दिशेने आडवेच फिरवावे आणि तारांवर स्टिकर कधीही चिकटवू नये, कारण तो काढताना तारही निघून येते.

आता एक उलटा प्रकार. मुंबईत किंवा गोव्यात पावसाळी रात्री एसी बराच वेळ अगदी थंड ठेवला आणि झोत काचेवर असला की वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. बाहेरची हवा उबदार आणि दमट असते आणि आतून गार केलेल्या काचेवर ती घाम धरते. अशा वेळी एसी वाढवला तर काच आणखी पांढरी होते. कोणती बाजू आहे हे ओळखायला आतून काचेवर एक बोट ओढून पाहावे. रेघ उमटली तर वाफ आतली आहे, नाही उमटली तर बाहेरची. बाहेरची असेल तर वायपर एकदा फिरवावा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवावे आणि झोत काचेवरून पायांकडे वळवावा.

वायपरचे रबर मृग लागण्याच्या आधी, म्हणजे मेअखेरीस तपासावे. वर्षभराच्या उन्हाने ते कडक होते आणि पहिल्याच सरीत काचेवर पाण्याच्या रेघा सोडू लागते. रबराची कड बोटाने दाबून पाहावी. ती लवत नसेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर ते बदलावे. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधी चालवू नये, कारण धुळीतले कण काचेवर कायमचे ओरखडे पाडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत ते झगमगतात. काच आतूनही धुवावी, कारण आतल्या बाजूला बसलेल्या तेलकट थरावर वाफ अधिक लवकर धरते.

पाणी गाडीत कोठून येते, याचाही शोध घ्यावा लागतो. माझ्या गाडीत एका पावसाळ्यात पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा सतत ओला राहत असे. गॅरेजमध्ये दाराचे रबर बदलून दिले, पैसे गेले आणि गालिचा ओलाच राहिला. शेवटी लक्षात आले की, एसी सुरू असताना गाडीखाली एक थेंबही पडत नाही. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली होती आणि ते पाणी आत उतरत होते. नळी मोकळी केल्यावर वाटीभर गढूळ पाणी भळकन बाहेर आले आणि त्या दिवसापासून गालिचा कोरडा आहे. एसी लावून दहा-पंधरा मिनिटे गाडी उभी करावी आणि खाली ओल दिसते का, ते पाहावे. एवढी साधी तपासणी कोणालाही करता येते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याशी असलेल्या पन्हळीतली पाने दर आठवड्याला काढावीत आणि सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतली छिद्रे मोकळी आहेत का, हे पाहावे.

टायरकडे आपण पंक्चर होईपर्यंत बघत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात आणि टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलणे भागच असते. मात्र पावसात तेवढी वाट पाहू नये. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखालून बाहेर निसटत नाही, वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलके लागते. तसे झाल्यास ब्रेक जोरात न दाबता अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. पावसात पकड चांगली मिळते म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, कारण मऊ टायर पाणी कमी कापतो.

साचलेल्या पाण्याविषयी मात्र काटेकोर राहावे लागते. सायलेन्सरमध्ये पाणी जाईल ही भीती सर्वांना असते, पण खरा धोका इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीचा आहे आणि तिचे तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या आसपास असते. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे आकसत नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेले दिसले की गाडी मागे घ्यावी. त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच वेगाने, मध्ये न थांबता जावे आणि समोरून मोठी गाडी येत असेल तर तिची लाट ओसरेपर्यंत थांबावे. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीन वेळा हलके दाबून कोरडे करावेत. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनाची सगळ्यात मोठी हानी त्या दुसऱ्या प्रयत्नात होते. नेहमीच्या विम्यात असे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यावी लागते. वाहत्या पाण्यात तर उतरूच नये. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान गाडी ओढून नेऊ शकते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि काही माणसे बंद गाड्यांमध्येच अडकून दगावली. पाणी दारापर्यंत चढू लागले की विजेच्या काचा चालत आहेत तोवरच त्या खाली कराव्यात आणि गाडी सोडून द्यावी. काच फोडण्याची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी, डिकीत नव्हे. फोडायची ती बाजूची काच. समोरची काच दोन थरांमधल्या पडद्यामुळे सहज फुटून मोकळी होत नाही.

घाट उतरताना जे गिअर चढताना लागले असते, तेच ठेवावे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल करून वरंध्यातून किंवा आंबोलीतून खाली येणे हा आत्मघात आहे. सतत दाबलेला ब्रेक तापतो, त्यातले ब्रेक ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जितके जुने होते तितके कमी तापमानाला उकळते. डॉट-४ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर खालचा ठेवणारी एल, एस किंवा मॅन्युअलची जागा अशा उतारासाठी उपयोगी पडते. विजेच्या गाडीत हे काम मोटर करते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला वीज परत घेता येत नाही आणि ती रोखशक्ती घटते, म्हणून महाबळेश्वरहून निघताना ती शंभर टक्के भरू नये.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरले तर घाबरून पाय काढू नये. तो एबीएसचा, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचा ठोका असतो. पाय दाबूनच ठेवावा आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवावा. धुक्यात लांबचा झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून जवळचा झोत आणि फॉग लॅम्प वापरावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवू नयेत, कारण तुम्ही वळणार आहात की नाही, हे मागच्याला मग कळत नाही.

घरी पोचण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे ओली कॉइल वाळते आणि कुबट वास धरत नाही. भिजलेली गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर ती सपाट जागी लावावी, हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली दगड लावावा, कारण गंजलेले ब्रेक लायनर ड्रमला चिकटून बसतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पी मध्ये ठेवावी, दगड मात्र लावावाच.